आजोबांची पलटण युद्धात कुठे कुठे होती? शोध घेण्याचा बरोबर क्रम

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत लष्कराची नोकरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. कोणी शिंदे सरकारच्या पलटणीत होतं, कोणी रिसाल्यात, कोणी सरळ बेळगावला जाऊन मराठा रेजिमेंटमध्ये भरती झालं. नातवंडं-पतवंडं आता विचारतात की लढाईच्या काळात आजोबा नेमके कुठे होते. हा शोध घेणाऱ्यांची सुरुवातच बहुधा उलटी होते. रेजिमेंटचं नाव इंटरनेटवर टाकायचं, समोर येणाऱ्या लढायांतली सर्वांत मोठी निवडायची आणि ती आजोबांच्या नावापुढे लिहून टाकायची. एका रेजिमेंटच्या चार बटालियन (बटालियन म्हणजेच पलटण) एकाच महिन्यात चार देशांत असू शकतात, हे लक्षातच येत नाही. मग घरच्या इतिहासात आजोबा अशा ठिकाणी लढतात, जिथे ते कधी पोचलेच नव्हते.

आधी माणूस, मग त्याचा नंबर आणि पलटण, मग तारखा, मग पलटणीची युद्धडायरी (युद्धकाळातली तिची रोजची नोंद) आणि शेवटी नकाशा, या क्रमाने चला. लढाईचं नाव वाटेत आपोआप सापडतं. पहिल्या तीन टप्प्यांत घाई केली की पुढची सगळी मेहनत दुसऱ्याच कोणाच्या आजोबांवर खर्च होते.

टप्पा १: घरातले कागद, पदकं आणि पत्रं

ट्रंक, माळा, देवघरातली पत्र्याची डबी, लग्नाच्या आहेराच्या याद्या ठेवलेली पिशवी हे सगळं उघडा. डिस्चार्ज सर्टिफिकेट किंवा डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, पदकं, मनीऑर्डरची कुपनं, पोस्टकार्डं आणि फोटो शोधा. प्रत्येक वस्तूचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. पोस्टकार्डाची मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच कामाची असते. फोटोमागचा स्टुडिओचा शिक्काही टिपून घ्या. त्यातून आजोबा त्या गावातून गेले होते एवढंच कळतं. पलटणीचा मुक्काम तिथे होता असा अर्थ काढू नका.

सावधान: कागद लॅमिनेट करू नका आणि पदकं घासून चकचकीत करू नका. पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल यांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. वर्षानुवर्षं दिवाळीला पितांबरीने घासलेल्या पदकावर नेमकी हीच अक्षरं पुसट झालेली दिसतात. कड भिंगाखाली आणि तिरप्या उजेडात वाचा.

दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांवर नाव असेलच असं नाही, पण कोणता स्टार (ताऱ्याच्या आकाराचं पदक) आहे त्यावरून रणक्षेत्र कळतं. आफ्रिका स्टार १० जून १९४० ते १२ मे १९४३ या काळातल्या सेवेसाठी आहे, बर्मा स्टार ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ साठी आणि इटली स्टार ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ साठी. एका छातीवर आफ्रिका आणि इटली असे दोन्ही असतील तर निम्मा रस्ता दिसू लागतो. १९४७-४८ च्या काश्मीर लढाईसाठी जनरल सर्व्हिस मेडलवर ‘जम्मू अँड काश्मीर’ची पट्टी असते, १९६५ साठी समर सेवा स्टार आणि १९७१ साठी पूर्वी किंवा पश्चिमी स्टार. इराक आणि इराणमध्ये वर्षानुवर्षं राहिलेल्या पलटणींना त्या भागाचा वेगळा स्टार नव्हता. म्हणून रणक्षेत्राचा स्टार नाही याचा अर्थ आजोबा देशाबाहेर गेलेच नाहीत, असा लावू नका.

पत्रांवर गावाचं नाव शोधू नका. सेन्सॉरने ते लिहू दिलेलं नसतं आणि लिहिलंच असेल तर काळं केलेलं असतं. त्याऐवजी शिक्का बघा. फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि तारीख हे दोन्ही मिळाले तर ठिकाण काढता येतं, कारण कोणतं फील्ड पोस्ट ऑफिस कोणत्या काळात कुठे होतं याच्या याद्या डाकतिकिटांचा अभ्यास करणाऱ्या मंडळींनी केलेल्या आहेत. पोस्ट ऑफिस ब्रिगेड-डिव्हिजनबरोबर (काही पलटणी मिळून ब्रिगेड, काही ब्रिगेड मिळून डिव्हिजन) सरकत असे. म्हणून तारखेशिवाय नुसत्या नंबराला किंमत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पत्रांवर ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (आर्मी पोस्ट ऑफिस) असतं. त्यावरून डाक दिल्लीमार्गे गेली की कोलकात्यामार्गे, एवढंच समजतं.

आता घरातल्या थोरांना विचारा. ‘आजोबा कोणत्या लढाईत होते?’ असं विचारलं तर टीव्हीवर ऐकलेलं नाव सांगितलं जातं. बोटीत किती दिवस होते, बर्फ होता की वाळू, खेचरं होती की ट्रक, आजारपण कोणतं झालं, परत आले तेव्हा घरात कोण जन्मलं होतं, असं आत्याला किंवा काकांना विचारा. ‘दादाच्या मुंजीला नव्हते, बारशाला आले’ या एका वाक्यातून रजेची तारीख निघते. ‘बसऱ्याला होते’ हे जसंच्या तसं घेऊ नका. बसरा उतरण्याचं बंदर होतं, म्हणून घरात सगळ्या मेसोपोटेमियालाच (आजच्या इराकलाच) बसरा म्हटलं जाई.

तपासा: आजोबांचा लष्करी नंबर मिळाला का? नावापेक्षा नंबर मोलाचा आहे. पण तो रेजिमेंटने दिलेला असे, त्यामुळे एकच नंबर दोन रेजिमेंटमधल्या दोन माणसांचा असू शकतो. नंबर आणि पलटण जोडीनेच लिहा.

टप्पा २: तिथ्या एका कॅलेंडरवर आणा

ग्वाल्हेरच्या घरांत हा टप्पा वगळून चालत नाही. दरबारचे कागद विक्रम संवतात, घरची मराठी पत्रं शके सनात आणि लष्कराचे कागद इंग्रजी तारखेत असतात. तिन्ही एकाच पेटीत असतात आणि तिथेच घोटाळा होतो.

संवतातून ५७ वजा केले की इसवी सन मिळतो. जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंतच्या काळासाठी ५६ वजा करा. शकात ७८ मिळवा, आणि जानेवारीपासून चैत्रापर्यंत ७९.

महिन्याची गफलत याहून मोठी आहे. आपल्या पंचांगात महिना अमावास्येला संपतो, तर उत्तरेच्या पंचांगात पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचं नाव एकच असतं, वद्य पक्षात एक महिन्याचा फरक पडतो. आजीला आलेल्या मराठी पत्रावर ‘आषाढ वद्य ५, शके १८६६’ असेल आणि सरकारी हिंदी कागदावर ‘श्रावण कृष्ण ५, संवत २००१’ असेल, तर दोन्ही एकाच दिवसाचे आहेत. तो दिवस १९४४ च्या जुलैतला. एक कागद जुलैचा आणि दुसरा ऑगस्टचा मानलात तर आजोबा महिनाभर आणखी कुठेतरी होते असं वाटू लागेल आणि तो नसलेला महिना शोधण्यात आठवडे जातील. नेमकी इंग्रजी तारीख जुन्या पंचांगावरूनच घ्या, अंदाजाने लिहू नका.

मोडीतलं पत्र असेल तर जाणकाराकडून पूर्ण लिप्यंतर करून घ्या. ‘खुशाली कळवली आहे, बाकी काही नाही’ एवढ्या सारांशावर थांबू नका. पत्राच्या डोक्यावरची तिथी आणि शेवटी कोणाकोणाला नमस्कार सांगितला आहे, हेच आपल्या कामाचं. नमस्कारांच्या यादीत त्याच पलटणीतला शेजारी सापडतो आणि त्याच्या घरचे कागद कधी कधी आपल्यापेक्षा चांगले राहिलेले असतात.

टप्पा ३: पलटण नक्की कोणती?

इथे सर्वांत जास्त वेळ द्या.

आधी संस्थानी फौजेचं बघू. ‘ग्वाल्हेरची पलटण’ किंवा ‘शिंदे महाराजांची पलटण’ हे उत्तर पुरत नाही. पहिल्या महायुद्धात ३ऱ्या ग्वाल्हेर इन्फंट्रीची निम्मी पलटण पूर्व आफ्रिकेला गेली आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये टांगाच्या लढाईसाठी उतरलेल्या फौजेत होती. टांगा आज टांझानियात आहे. ४थी ग्वाल्हेर इन्फंट्री मात्र इजिप्तमध्ये, सुएझ कालव्याच्या रक्षणाला होती. दोन्ही पलटणींत ग्वाल्हेरच्या लष्कर आणि मुरार या भागांच्या आसपासचीच माणसं, पण त्यांच्यामध्ये हजारो किलोमीटरचं अंतर. शिवाय ३ऱ्या पलटणीतलं नाव सापडलं तरी आजोबा बाहेर गेलेल्या निम्म्यात होते की मागे राहिलेल्या निम्म्यात, हा प्रश्न उरतोच.

या फौजांचं नावही बदललं. पहिल्या महायुद्धात त्या ‘इंपीरियल सर्व्हिस ट्रूप्स’ होत्या, पुढे ‘इंडियन स्टेट्स फोर्सेस’ झाल्या. स्वातंत्र्यानंतर त्या भारतीय सेनेत सामील झाल्या आणि नावं पुन्हा बदलली. ग्वाल्हेरची ४थी पलटण १४ कुमाऊँ झाली आणि नंतर ५ मेकॅनाइज्ड इन्फंट्री. इंदूरची १५ कुमाऊँ झाली, बडोद्याची २री इन्फंट्री २० मराठा झाली. ग्वाल्हेर लान्सर्स ६१ कॅव्हलरीत गेले. म्हणून ग्वाल्हेरच्या मराठी माणसाच्या पेन्शनच्या कागदावर ‘कुमाऊँ’ आणि रानीखेतचा पत्ता दिसला तर चुकीचा कागद समजून बाजूला ठेवू नका. तो बहुधा बरोबरच असतो.

आता मराठा रेजिमेंट. १९२२ आधी मराठ्यांच्या पलटणींना मोठे आकडे होते. १९२२ साली त्या ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियन झाल्या: १०३री झाली १/५, १०५वी झाली २/५, ११०वी झाली ३/५, ११६वी झाली ४/५, ११७वी झाली ५/५, आणि ११४वी बेळगावला प्रशिक्षणाची १०/५ झाली. तिरक्या रेघेआधीचा आकडा बटालियनचा, नंतरचा रेजिमेंटचा. ‘३/५’ म्हणजे पाचव्या मराठ्यांची तिसरी बटालियन. हे उलटं वाचणारे अनेक आहेत आणि त्यांचा सगळा शोध ५/५ च्या डायरीत वाहून जातो. स्वातंत्र्यानंतर रेघेनंतरचा आकडा गेला. त्यातही ३री बटालियन १९५२ मध्ये छत्रीधारी होऊन २ पॅरा झाली, तेव्हा आजच्या मराठा बटालियनच्या यादीत तिला शोधू नका. घरात ‘जंगी पलटण’ असा शब्द चालत आला असेल तर ती पहिली, ‘काली पांचवीं’ असेल तर दुसरी.

सावधान: आजोबा मराठा म्हणून मराठा रेजिमेंटमध्येच असणार, हे गृहीत धरू नका. मुंबई सॅपर्स (लष्करी अभियंते), तोपखाना, सर्व्हिस कोअर (रसद आणि वाहतूक), सिग्नल्स, इस्पितळाच्या तुकड्या अशा सगळीकडे मराठी माणसं होती. महार रेजिमेंट १९४१ मध्ये उभी राहिली. सॅपर्सच्या कंपन्या आणि सर्व्हिस कोअरच्या ट्रक-खेचर कंपन्या स्वतंत्र नंबराने वेगवेगळ्या डिव्हिजनना जोडल्या जात. तिथे ‘कोअर’ कळून भागत नाही, कंपनीचा नंबरच लागतो.

टप्पा ४: सेवेची नोंद मागवा

जवान, एनसीओ (नाईक-हवालदार) आणि जेसीओ (सुभेदार वगैरे) यांच्या नोंदी त्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे असतात. लंडनमध्ये त्या शोधण्यात अर्थ नाही. तिथे ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात अधिकाऱ्यांच्या फायली आहेत, शिपायांच्या नाहीत. मराठा रेजिमेंटसाठी बेळगाव, कुमाऊँसाठी रानीखेत, महारसाठी सागर, ग्रेनेडियर्स आणि सिग्नल्ससाठी जबलपूर, तोपखान्यासाठी नाशिक रोड, मुंबई सॅपर्ससाठी खडकी. ग्वाल्हेरच्या जुन्या ४थ्या पलटणीसाठी आधी रानीखेतला लिहा.

अर्जात नंबर, हुद्दा, नाव, वडिलांचं नाव, भरतीच्या वेळचं गाव आणि परगणा किंवा तहसील, भरतीचं आणि नोकरीतून सुटल्याचं अंदाजे साल लिहा आणि तुमच्या नात्याचा पुरावा जोडा. मागणी मोघम नको. ‘आजोबांची माहिती द्यावी’ असं लिहिलं तर उत्तरही तितकंच मोघम येईल. ‘शीट रोलची प्रत, आणि ती नसल्यास लाँग रोलमधल्या नोंदीचा उतारा मिळावा’ असं लिहा. लाँग रोल म्हणजे जवानांची एकत्र नोंदवही, शीट रोल म्हणजे एका जवानाचं सेवापत्रक. कोणत्या तारखेला कोणत्या बटालियनमध्ये गेला, कधी परदेशी निघाला, कधी जखमी झाला, ते शीट रोलमध्ये असतं. पेन्शन न मिळालेल्यांचे हे कागद साधारण २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे, पण लाँग रोलमधली एक ओळ कायम ठेवली जाते. ‘कागद नष्ट झाले’ असं उत्तर आलं की बहुतेक लोक तिथेच हार मानतात आणि ती एक ओळ मागायची राहून जाते.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पत्र गेलं तर ते योग्य टेबलावर पोचायला मदत होते. उत्तर आलंच नाही तर माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्ज करा, त्याला ३० दिवसांची मुदत आहे. आधी साधा अर्ज आणि मग आरटीआय, हा क्रम ठेवा. साध्या पत्राला एखादा जुना बाबू चार ओळी जास्त लिहून पाठवतो, आरटीआयला विचारलं तेवढंच उत्तर मिळतं.

संस्थानी फौजेसाठी आणखी दोन ठिकाणं बघा. भोपाळच्या राज्य अभिलेखागारात ग्वाल्हेर दरबारच्या फायली आहेत, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात संस्थानांच्या फौजांवरचा केंद्राचा पत्रव्यवहार. दिल्लीची सूची ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येते. दरबारचे वार्षिक प्रशासन अहवालही चाळा, त्यात फौजेचं स्वतंत्र प्रकरण असे.

शोधताना रोमन लिपीतल्या नावांची सगळी रूपं करून बघा. शिंदे हे नाव निदान तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं, पवार, जाधव, घोरपडे यांचंही तसंच. लष्करी कारकून आडनाव गाळून ‘गणपतराव, वडील बाबूराव’ एवढंच लिहीत. नुसत्या आडनावावर शोध घेतला तर अशी नोंद हातची जाते.

टप्पा ५: ब्रिगेड आणि डिव्हिजनची साखळी

डायरीकडे जाण्याआधी बटालियन कोणत्या ब्रिगेडमध्ये आणि ती ब्रिगेड कोणत्या डिव्हिजनमध्ये होती, याचा महिनावार तक्ता करा. बटालियनच्या डायरीचे महिने गहाळ असतात, तेव्हा ब्रिगेडची डायरी उपयोगी पडते.

ही साखळी मध्येच बदलते. ३/५ मराठा १९४१ मध्ये एरिट्रियात केरेनला ५व्या भारतीय डिव्हिजनच्या ९व्या ब्रिगेडमध्ये होती. नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीत तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तेव्हा तीच बटालियन १०व्या डिव्हिजनमध्ये होती. आणि ५वी डिव्हिजन तोवर इंफाळकडे लढत होती! ‘केरेनला ५व्या डिव्हिजनमध्ये होते’ एवढ्यावर पुढचं लिहीत गेलात तर इटलीतल्या आजोबांना तुम्ही ब्रह्मदेशात पाठवाल.

टप्पा ६: युद्धडायरी मिळवणं आणि वाचणं

प्रत्येक बटालियन युद्धकाळात रोजची डायरी लिहून महिन्याच्या शेवटी वर पाठवत असे. स्वातंत्र्यापूर्वीच्या डायऱ्यांच्या प्रती मुख्यतः लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय तुकड्यांचे कागद दिल्लीत संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडेही आहेत. क्यूमधल्या मालिका लक्षात ठेवा. पहिल्या महायुद्धासाठी डब्ल्यू.ओ. (वॉर ऑफिस) ९५. दुसऱ्या महायुद्धात मध्यपूर्वेसाठी डब्ल्यू.ओ. १६९, इटलीसाठी १७०, ब्रह्मदेश आणि आग्नेय आशियासाठी १७२. बटालियन रणक्षेत्र बदलते तेव्हा तिची डायरी दुसऱ्या मालिकेत जाते. ३/५ ची डायरी १६९ मध्ये अचानक थांबलेली दिसली तर ती हरवली असं समजू नका, १७० मध्ये बघा.

पहिल्या महायुद्धातल्या फ्रान्स, गॅलिपोली आणि मेसोपोटेमियाच्या डायऱ्या डिजिटल स्वरूपात उपलब्ध आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या बहुतेक मात्र तिथे जाऊन बघाव्या लागतात. वाचक कार्ड काढून स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो घ्यायला तिथे पैसे पडत नाहीत. लंडनला नातलग किंवा मित्र असेल तर फायलीचा पूर्ण क्रमांक, महिने आणि ‘परिशिष्टांसह’ ही सूचना लिहून पाठवा.

परिशिष्टांसाठी मी आग्रहच धरीन. डायरीच्या मुख्य पानावर ‘बटालियन निघाली’ एवढी एक ओळ असते. कोणती कंपनी कोणत्या ट्रकने, कोणत्या बोटीने, किती वाजता निघाली हे सगळं मागे जोडलेल्या हालचालीच्या हुकमात असतं. क्वचित नावांची यादीही तिथेच सापडते.

वाचायला बसताना एक अपेक्षा आधीच सोडा. आजोबांचं नाव डायरीत येणार नाही. नावं येतात ती अधिकाऱ्यांची. सुभेदार-जमादारांची कधी कधी, शिपायांची जवळजवळ नाहीच. जवान ‘आय.ओ.आर.’ म्हणून आकड्यात येतात, म्हणजे इंडियन अदर रँक्स. सुभेदार-जमादार ‘व्ही.सी.ओ.’ म्हणून येतात. ‘एल.ओ.बी.’ म्हणजे लढाईतून मुद्दाम मागे ठेवलेली माणसं, ही नोंद सोडू नका. लढाईच्या दिवशी सगळी बटालियन पुढे नसते. आजोबा ज्या कंपनीत होते तिचं अक्षर एकदा कळलं की डायरी एकदम बोलू लागते, कारण नोंदी कंपनीवार असतात: ए कंपनी टेकडीवर, सी राखीव, डी नदीकाठी.

संस्थानी पलटणीबरोबर ‘स्पेशल सर्व्हिस ऑफिसर’ म्हणून इंग्रज अधिकारी असे, त्याचे अहवालही शोधा. शौर्यपदकांच्या शिफारसी डब्ल्यू.ओ. ३७३ मध्ये आहेत आणि त्यात भारतीय जवानही आहेत. आजोबांना पदक नसलं तरी त्याच बटालियनमधल्या दुसऱ्या जवानाच्या शिफारशीत तारीख, जागा आणि प्रसंग डायरीपेक्षा तपशिलाने मिळतात.

डायरी हाताला लागेपर्यंत एक वाट अगदी मोफत आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदीत ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत सैनिक आहेत. आजोबा जिवंत परतले असतील तर ते तिथे नाहीत, पण त्यांचे सोबती आहेत. बटालियन आणि महिना टाकून यादी काढा. एकाच आठवड्यात एकाच भागातल्या दफनभूमीत किंवा स्मारकावर पाच-सहा नावं आली की बटालियन त्या सुमारास कुठे होती ते दिसतं. ‘ग्वाल्हेर’ हा शब्द टाकूनही शोधा, कारण नोंदीत वडिलांचं नाव आणि गाव बऱ्याचदा दिलेलं असतं.

सावधान: स्मारकाची जागा म्हणजे मृत्यूची जागा नव्हे. मेसोपोटेमियात कुठेही पडलेल्या जवानाचं नाव बसरा स्मारकावर असू शकतं. हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन होत असे, म्हणून त्यांची नावं इटलीतल्या सांग्रो नदीच्या दहन स्मारकासारख्या एका ठिकाणी एकत्र कोरलेली आहेत. घरातले कोणी परत आले नसतील आणि नाव अशा स्मारकावर सापडलं, तर मृत्यूचं गाव डायरीतल्या तारखेवरूनच ठरवा.

कैद झालेल्यांची वाट वेगळी आहे. २/५ मराठा जून १९४२ मध्ये लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा शत्रूच्या हाती लागली. १०३री, ११०वी आणि ११७वी पलटण ६व्या पुणे डिव्हिजनमध्ये होती आणि ती डिव्हिजन २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियात कुत इथे शरण गेली. अशा तारखेनंतर बटालियनची डायरी पकडून चालू नका. ती डायरी पुन्हा उभारलेल्या बटालियनची असते आणि आजोबा तारेच्या कुंपणाआड असतात. पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांच्या याद्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने इंटरनेटवर ठेवल्या आहेत.

टप्पा ७: नकाशा

डायरीतली ठिकाणं आजच्या मोबाइल नकाशावर टाकू नका. नावं बदलली आहेत, स्पेलिंग बदलली आहेत, आणि एका नावाची पाच गावं असतात. त्या काळचे अमेरिकी लष्कराचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने मोफत ठेवले आहेत, तिथून आपल्या भागाचं पत्रक (नकाशाचं एक पान) घ्या.

डायरीत जागा सहा आकडी ग्रिडने (नकाशावरच्या चौकटींच्या आकड्यांनी) दिलेली असते. समजा ‘३४५६७८’. पहिले तीन आकडे पूर्वेकडे सरकण्याचे, पुढचे तीन उत्तरेकडे. हे उलटं केलं की जागा भलतीकडेच जाते. तेच सहा आकडे ठरावीक अंतराने पुढच्या भागात पुन्हा येतात, म्हणून पत्रकाचा नंबर किंवा ग्रिडचं अक्षर डायरीत शोधल्याशिवाय बोट ठेवू नका.

तपासा: कालचं आणि आजचं ठिकाण यांतलं अंतर पायी किंवा ट्रकने एका दिवसात कापता येण्यासारखं आहे का? पायी चालणारी बटालियन एका रात्रीत १५० किलोमीटर गेलेली दिसली तर ग्रिड चुकलं आहे.

टप्पा ८: पलटणीची वाट आणि माणसाची वाट

एका लांब कागदावर दोन समांतर ओळी आखा. वर पलटण, खाली आजोबा. पलटणीची ओळ डायरीवरून भरा. आजोबांची ओळ फक्त त्यांच्या स्वतःच्या कागदांवरून: शीट रोल, शिक्क्यांची पत्रं, पदक, घरातल्या जन्म-लग्नाच्या तारखा. दोन्ही जिथे जुळतात तेवढ्याच काळासाठी ‘आजोबा तिथे होते’ असं म्हणता येतं. मधली जागा कोरी ठेवा. भरती झालेला जवान महिनोन्‌महिने ट्रेनिंग सेंटरवर असे, मग रीइन्फोर्समेंट कॅम्पमध्ये, मग बटालियनमध्ये. मलेरिया झाला की इस्पितळ, आणि तिथून कधी दुसऱ्याच बटालियनमध्ये.

प्रत्येक नोंदीपुढे ती कुठून आली ते लिहा आणि तीनपैकी एक खूण करा: ‘नक्की’, ‘बहुधा’, ‘घरची आठवण’. ही खूण न करता पुढच्या पिढीला वही दिली की ‘बहुधा’चं ‘नक्की’ व्हायला एक लग्नकार्य पुरतं. दोन कागद भांडत असतील तर प्रसंगाच्या जवळच्या तारखेला लिहिलेला कागद वरचढ माना. १९४४ चा पोस्टाचा शिक्का १९७० मध्ये सांगून लिहून घेतलेल्या आठवणीपेक्षा खरा.

१९४७ नंतरच्या लढायांसाठी

क्रम हाच, फक्त डायऱ्या सहज हाती येत नाहीत. युद्धांचे कागद साधारण २५ वर्षांनी खुले करण्याचं धोरण संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये जाहीर केलं आहे, पण प्रत्येक फाइल वेगळी तपासली जाते. तोवर रेजिमेंटल सेंटरचं संग्रहालय आणि बटालियनच्या स्थापनादिनाला जमणारे माजी सैनिक हाच मोठा आधार. १९६५ आणि १९७१ ला लढलेली माणसं आज वयाच्या सत्तरी-ऐंशीत आहेत. आजोबा नसले तरी त्यांच्या कंपनीतले कोणी मुरारला, भिंड-मुरैनाकडे किंवा साताऱ्याला असू शकतात. त्यांच्याकडे जाताना फोटो, कंपनीचं अक्षर आणि तारखांची कोरी ओळ बरोबर न्या, आणि हे काम अभिलेखागाराच्या फेरीआधी करा. फायली पुढच्या वर्षीही मिळतील.